खाडा न करणाऱ्यांची गोष्ट

डॉ. फ्रेडरिक बेकलंड यांना खरं तर झोपेचा अभ्यास करायचा होता. दिवसा अंगमेहनत झाली की रात्री गाढ झोपेचं प्रमाण वाढतं, हे न्यूयॉर्कच्या या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉलेजातल्या खेळाडूंवर तपासून १९६६ साली मांडलं होतं. आता त्यांना दुसरी बाजू पाहायची होती. रोज व्यायाम करणाऱ्याचा व्यायाम महिनाभर बंद ठेवला, तर त्याच्या झोपेचं काय होतं? प्रयोग साधा होता. धडधाकट माणसं हवी होती, त्यांनी एक महिना काहीही करायचं नव्हतं, आणि त्या बदल्यात त्यांना पैसे मिळणार होते.

माणसं मिळेनात.

आठवड्यातून पाच-सहा दिवस नेमाने व्यायाम करणारे लोक नकार देत होते. कितीही पैसे देऊ केले तरी महिनाभर घरी बसायला ते तयार नव्हते. शेवटी बेकलंड यांनी आठवड्यातून तीन-चार दिवसच व्यायाम करणारे विद्यार्थी घेतले आणि प्रयोग कसाबसा उरकला. त्या चौदा जणांची झोप त्या महिन्यात बिघडली. रात्री मध्येच जाग येऊ लागली, जीव घाबरा होऊ लागला, लैंगिक ताण वाढला, एकटं राहणं नकोसं झालं. १९७० साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात झोपेविषयी जे लिहिलं होतं ते आज फारसं कुणाला आठवत नाही. पण जे लोक प्रयोगाला आलेच नाहीत, त्यांची नोंद राहिली. व्यायामाच्या व्यसनाचा इतिहास लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. पैसे देऊ केले तरी ज्याला थांबता येत नाही, त्याच्याकडे वैद्यकशास्त्राने तोवर रोगी म्हणून पाहिलंच नव्हतं.

यात नवल नव्हतं. अमेरिकेत धावण्याची लाट तेव्हा नुकती उठत होती. त्याआधी मोठ्या माणसाने रस्त्यावरून उगाच धावणं हे लोकांना विचित्र वाटे. ऑरेगन विद्यापीठातले प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले आणि तिथे ऑकलंडमध्ये त्यांनी आर्थर लिडियार्ड यांची जॉगिंगची मंडळी पाहिली. स्वतःला तंदुरुस्त समजणारे बॉवरमन त्यांच्याबरोबर डोंगर चढू लागले, तर सत्तरी ओलांडलेला, हृदयविकारातून उठलेला एक गृहस्थ त्यांना मागे टाकून पुढे गेला. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. घरी परतल्यावर त्यांनी यूजीन गावातल्या लोकांना जॉगिंग शिकवलं आणि एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. पुढे ‘नायकी’ झालेल्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी ते एक. १९६८ साली हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ आलं. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन फ्रँक शॉर्टर या अमेरिकन धावपटूने जिंकली आणि घराघरातल्या दूरचित्रवाणीवर लोकांनी ती पाहिली. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० साली सेंट्रल पार्कमध्ये झाली तेव्हा १२७ जण धावायला उभे राहिले आणि त्यातले ५५ शेवटपर्यंत पोहोचले. सहाच वर्षांत ती शहराच्या पाचही विभागांतून धावू लागली आणि धावणाऱ्यांची संख्या दोन हजारांवर गेली.

मराठी माणसाला यातला नेम परका वाटणार नाही. आपल्या तालमींत जोर-बैठका मारणाऱ्या पोराने एक दिवस दांडी मारली तर वस्ताद विचारतात, ‘खाडा का केलास?’ खाडा न करणं हा आपल्याकडे गुणच मानला गेला आहे. ‘व्यसन लावायचं तर व्यायामाचं लाव’ असं घरातली वडीलधारी माणसं पोरांना सांगत आली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. व्यसन हा शब्द इथे कौतुकाने येतो.

नेमकं हेच एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ साली पुस्तकभर सांगितलं. विल्यम ग्लासर हे लॉस एंजेलिसचे. ‘पॉझिटिव्ह अ‍ॅडिक्शन’ या त्यांच्या पुस्तकाचा मुद्दा असा होता, की दारू किंवा हेरॉइनचं व्यसन जसं माणसाला पोखरतं, तशीच धावण्याची किंवा ध्यानाची सवय त्याला बळ देऊ शकते. त्यांनी त्यासाठी काही अटीही घातल्या होत्या: कृती स्वखुशीची आणि स्पर्धेविना असावी, तिला दिवसाचा तासभर द्यावा, ती सहज जमणारी असावी, एकट्याने करता यावी, तिचं काही मोल आहे असं करणाऱ्याला मनापासून वाटावं, आणि ती करताना स्वतःला कोसत बसू नये. या अटी आज वाचल्या तर ग्लासर यांनी धोका बराच ओळखला होता असं वाटतं. पण वाचकांनी अटी बाजूला ठेवल्या आणि पुस्तकाचं नाव तेवढं उचललं. धावणारे स्वतःला अभिमानाने ‘अ‍ॅडिक्ट’ म्हणवून घेऊ लागले.

पुढच्याच वर्षी जिम फिक्स यांचं ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’ आलं. लाल मुखपृष्ठावर धावणाऱ्या पायांचं छायाचित्र होतं आणि ते पाय लेखकाचेच होते. पस्तिशीत दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढणारा, शंभर किलोच्या आसपास वजन असलेला हा माणूस धावायला लागल्यावर बदलून गेला होता. पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

या जल्लोषात विस्कॉन्सिन विद्यापीठातले क्रीडामानसशास्त्रज्ञ विल्यम मॉर्गन वेगळं काहीतरी पाहत होते. १९७९ साली त्यांनी खेळाडूंच्या डॉक्टरांसाठी निघणाऱ्या एका मासिकात लेख लिहिला आणि त्याला ‘नकारात्मक व्यसन’ असं नाव दिलं. हे ग्लासर यांना सरळ उत्तर होतं. त्यांनी मांडलेल्या धावपटूंच्या हकिकती जवळपास एकाच वाटेने जाणाऱ्या होत्या. माणूस तब्येतीसाठी धावायला लागतो, अंतर हळूहळू वाढतं, मग कामापेक्षा, बायकामुलांपेक्षा धावणं मोठं होतं. पाय दुखावतो, डॉक्टर विश्रांती सांगतात, हा ऐकत नाही. दुखणाऱ्या पायाने धावत राहतो आणि आधी बरी होण्याजोगी असलेली दुखापत कायमची जडते.

मॉर्गन यांनी दोनच कसोट्या सांगितल्या. रोज धावल्याशिवाय आपण जगू शकत नाही असं माणसाला वाटतं का? आणि धावणं तुटलं की त्याला निराशा, बेचैनी, चिडचिड यांचा त्रास होतो का? यात किलोमीटरचा हिशेब कुठेच नाही, हे फार महत्त्वाचं आहे. ऑलिंपिकचा धावपटू आठवड्याला दोनशे किलोमीटर धावत असेल आणि तरी व्यसनी नसेल. सुटीच्या काळात तो निवांत झोपत असेल. उलट रोज आठ किलोमीटर धावणारा एखादा कारकून ताप अंगात असताना बूट चढवत असेल. कसोटी लागते ती थांबायची वेळ येते तेव्हा.

इंग्लंडचे रॉन हिल यांची हकिकत इथे डोळ्यांसमोर येते. १९७० सालची बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारा हा धावपटू वस्त्ररसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला. २० डिसेंबर १९६४ पासून त्यांनी रोज किमान एक मैल धावायचं ठरवलं. त्यात खाडा नाही. १९९३ साली पायाच्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा कुबड्या घेऊन त्यांनी मैल पुरा केला. त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात छातीचं हाड मोडलं, तरी नेम चालू राहिला. अशी ५२ वर्षं गेली. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, धावताना चारशे मीटरवर छातीत दुखायला लागलं. आठशे मीटरवर तर आता आपण मरतो की काय, असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी मैल पुरा केला, साडेसोळा मिनिटांत. आणि मग, बायको, घरची माणसं आणि मित्र यांचं आपण देणं लागतो असं सांगून, त्यांनी थांबण्याचा निर्णय घेतला.

हिल यांना व्यसनी ठरवणं उतावीळपणाचं होईल. त्यांनी संसार केला, धंदा उभारला, भरपूर जगले. पण मरणाची शंका आल्यावरही उरलेले आठशे मीटर पुरे करणारं मन कसं काम करतं, हे त्या साडेसोळा मिनिटांत स्पष्ट दिसतं. मॉर्गन ज्यांच्याविषयी लिहीत होते, त्यांना घरच्यांचं देणं आठवत नव्हतं. फरक तेवढाच, पण तो मोठा आहे.

१९८३च्या फेब्रुवारीत हा वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञ अलेन येट्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध छापला. साठाहून अधिक पुरुष धावपटूंशी बोलून त्यांनी मांडलं, की स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या तरुण मुली आणि धावल्याशिवाय राहू न शकणारे हे प्रौढ पुरुष यांची मनं एकाच घडणीची आहेत. राग आत दाबायचा, स्वतःकडून अचाट अपेक्षा ठेवायच्या, वेदना सोसायच्या, आणि शरीर मोडत चाललंय हे कबूल करायचं नाही. त्याच आठवड्यात गायिका कॅरन कार्पेंटर यांचा अ‍ॅनोरेक्झिया या स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराने खंगलेल्या हृदयामुळे वयाच्या ३२व्या वर्षी मृत्यू झाला. एरवी डॉक्टरांच्या वर्तुळात राहिला असता तो आजार एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आला.

धावपटू संतापले आणि शास्त्रज्ञांनीही येट्स यांना धारेवर धरलं. ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल यांनी नेमाने धावणारे आणि अ‍ॅनोरेक्झियाचे रुग्ण यांना एकच मानसशास्त्रीय चाचणी दिली. १९८४ साली त्यांनी दाखवलं, की धावणाऱ्यांचे निकाल सर्वसामान्य मर्यादेतच होते. सरसकट धावणाऱ्यांना रोगी म्हणणं चूकच होतं. पण उपासमार आणि हालचाल यांचं नातं येट्स यांनी हवेतून काढलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्झियाचं वर्णन केलं, तेव्हाच हाडांचा सापळा झालेल्या मुली स्वस्थ बसत नाहीत, सारख्या हिंडत राहतात, याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

उंदरांवरचा एक प्रयोग तर वाचवत नाही. १९६७ साली आर्ये रूटनबर्ग आणि अ‍ॅन कुझनेसॉफ यांनी काही उंदरांना दिवसातून एक तासच खाणं दिलं. उरलेला वेळ त्यांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ खाणं, पण चाक नाही. चाक नसलेले उंदीर त्या एका तासात पोट भरायला शिकले आणि जगले. चाक असलेले उंदीर दिवसेंदिवस जास्त धावू लागले, कमी खाऊ लागले, आणि धावता धावता मरू लागले. त्यांना कुणी धावायला लावलं नव्हतं. चाकातून उतरायची मोकळीक होती.

येट्स यांच्या निबंधानंतर दीड वर्षाने, २० जुलै १९८४ रोजी, व्हरमाँट राज्यातल्या हार्डविक गावाच्या रस्त्यावर जिम फिक्स रोजचं धावणं करताना कोसळले. वय ५२. शवविच्छेदनात हृदयाची एक रक्तवाहिनी ९५ टक्के बंद निघाली. धावण्याने माणूस मरतो, अशा बातम्या जगभर झळकल्या. त्या अन्यायाच्या होत्या. फिक्स यांचे वडील हृदयविकाराने ४३व्या वर्षीच गेले होते, आणि धावण्याने मुलाला बहुधा काही वर्षं जास्तच मिळाली. त्यांच्या मरणाला व्यसनाचा पुरावा म्हणणं बरोबर नाही. मात्र धावणारा माणूस आजारी पडूच शकत नाही ही त्या काळची भाबडी श्रद्धा त्या रस्त्यावर संपली.

हे सगळं मेंदूतल्या रसायनांमुळे होतं का? १९७५ साली अ‍ॅबर्डीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना शरीर स्वतःच तयार करतं अशी अफूसारखी द्रव्यं सापडली, आणि पाचसहा वर्षांत ‘एंडॉर्फिन’ हा शब्द प्रत्येक धावपटूच्या तोंडी आला. जर्मन संशोधकांनी २००८ मध्ये दोन तास धावून आलेल्या खेळाडूंच्या मेंदूत ती द्रव्यं काम करताना टिपली. पुढे २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगात धावल्यावर येणाऱ्या मस्तीचा बराचसा वाटा गांजासारख्या दुसऱ्याच द्रव्यांचा निघाला. पण धावून झाल्यावर लाखो लोकांना बरं वाटतं आणि ते आंघोळ करून कामाला लागतात. काहींनाच तेवढ्यावर थांबता का येत नाही, याचं उत्तर रसायनांत सापडत नाही.

त्या उत्तराकडे जाणारं एक ठाम पाऊल लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड वील यांनी १९८७ साली टाकलं. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एकात माणूस बारीक होण्यासाठी व्यायामाला जुंपलेला असतो. तिथे मूळ दुखणं खाण्याचं असतं. दुसऱ्यात व्यायाम हेच दुखणं असतं, वजन हा मुद्दाच नसतो. पहिला प्रकार सर्रास आढळतो, दुसरा विरळा. दवाखान्यात आजही डॉक्टरांना आधी हाच प्रश्न सोडवावा लागतो, कारण दोघांचे उपचार वेगळे आहेत.

विरळ्या प्रकाराचं जवळून केलेलं चित्र इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी १९९७ साली छापलं. २५ वर्षांची शिकलेली तरुणी. आठवड्यातून एकदा संध्याकाळी जुजुत्सूच्या वर्गाला जाऊ लागली. पाच वर्षांत ते रोज सहा तासांवर गेलं. सरावासाठी प्रवास आणि शुल्क यांत ऐपतीबाहेर पैसा गेला, ज्याच्यावर प्रेम होतं तो सोडून गेला. हे आपल्या हाताबाहेर गेलंय हे तिला कळत होतं आणि तरी तिला थांबता येत नव्हतं. व्यायामाच्या जागी जुगार ठेवून वाचला तर हाच वृत्तांत जुगाऱ्याचा वाटेल.

पुढे मोजमापाचा काळ आला. हेदर हॉसेनब्लास आणि डॅनिएल सायमन्स डाउन्स यांची २१ प्रश्नांची पट्टी २००२ साली आली. टेरी, साबो आणि ग्रिफिथ्स यांची २००४ सालची यादी तर सहा विधानांची आहे आणि दोन मिनिटांत भरून होते. तीसपैकी चोवीस किंवा जास्त गुण आले तर धोका समजायचा. हंगेरीत २०१२ साली देशभरातल्या प्रौढांची पाहणी झाली तेव्हा धोक्याच्या पट्ट्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त लोक निघाले नाहीत. हा आकडा लहान आहे आणि तो लहानच सांगितला पाहिजे. बहुतेकांचं दुखणं व्यायाम न करण्याचं आहे.

मे २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती निघाली. त्यात पहिल्यांदाच एका वर्तनाला, जुगाराला, दारू आणि अफूच्या शेजारी व्यसनांच्या प्रकरणात जागा मिळाली. व्यायामाच्या व्यसनाला मिळाली नाही. पुरावा पुरेसा नाही, असं तिथे म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत पुढे व्हिडिओ गेमचं व्यसन आलं, व्यायामाचं नाही. या सावधगिरीला कारण आहे. प्रत्येक सवयीला रोगाचं नाव दिलं तर रोग या शब्दाला अर्थ उरणार नाही. पण त्याची किंमतही आहे: ज्या दुखण्याला सूचीत नाव नाही, ते घेऊन येणाऱ्याकडे ‘बरं आहे की, व्यायाम करतोस!’ म्हणून पाहिलं जातं.

आपल्या जुन्या वैद्यांनी मात्र मर्यादा साध्या शब्दांत आखून दिली होती. चरक आणि वाग्भट दोघांनीही अतिव्यायामाला ‘साहस’ म्हटलं आणि तहान, धाप, खोकला, ताप, क्षय असे त्याचे परिणाम मोजून दाखवले. हत्तीला ओढणारा सिंह स्वतःच मरतो, ही त्यांनी दिलेली उपमा. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा हा वाग्भट आणि सुश्रुत यांचा नियम. तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धी शक्ती संपली, असं सुश्रुताने सांगितलं. मन त्या मर्यादेपाशी का थांबत नाही हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता. तो विचारायला न्यूयॉर्कचा तो फसलेला प्रयोग व्हावा लागला.

आज पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन भरते, तालुक्याच्या गावातही जिम आहे, आणि मनगटावरचं घड्याळ सलग किती दिवस चालले-धावले याचा आकडा दाखवत असतं. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. वस्तादाचा ‘खाडा का केलास?’ आता यंत्र विचारतं. पण अंगात ताप असताना ‘आज घरी जा’ म्हणायची समज वस्तादाकडे होती, ती घड्याळाकडे नाही. जिमच्या आरशांसमोर तर आणखी एक रूप दिसतं: भरदार दंड असूनही आपण किडकिडे आहोत असं वाटणारे तरुण. हार्वर्डचे हॅरिसन पोप यांनी १९९०च्या दशकात त्याचं वर्णन केलं आणि त्याला निदानपुस्तिकेत जागाही मिळाली आहे.

उपचारात व्यायाम कायमचा सोडायला सांगत नाहीत. दारू सोडता येते, शरीर हलवणं सोडता येत नाही. म्हणून विचार बदलण्यावर काम करणारी मानसोपचारपद्धती वापरतात, विश्रांतीचा दिवस आधी ठरवून घेतात, त्या दिवशीची बेचैनी सोसायला शिकवतात, आणि व्यायामाने आतापर्यंत जी चिंता दाबून ठेवली होती ती बोलकी करतात. असा माणूस आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे येत नाही. तो येतो हाडांच्या डॉक्टरकडे, फिजिओथेरपिस्टकडे, पायाच्या हाडाला बारीक चीर घेऊन, किंवा जिमच्या प्रशिक्षकाकडे दिवसातला तिसरा तास मागायला. त्या तिघांनी गुडघा, टाच, वजन यांच्या चौकशीत एक प्रश्न आणखी विचारावा: सहा आठवडे सगळं बंद ठेवायला सांगितलं, तर काय होईल? आणि उत्तर येईपर्यंत थोडा वेळ थांबावं.